उसण गेली म्हणजे कंबर बरी झाली असं नाही

आज बचत गटाच्या वेळेत व्याज, वही, ठराव यातलं काही नाही. आज कमरेविषयी बोलायचंय. म्हणजे काम करताना लागलं, दुखावलं, चार दिवस घरी बसलो, मग पुन्हा कामावर यायचं ते कसं, याविषयी. हा विषय मला कुणी सुचवलेला नाही. आमच्याकडून चूक झाली, तीही माझ्या हातून, म्हणून सांगते.

आमच्याकडं चार गटांनी मिळून डाळीची छोटी गिरणी आणि मिरची कांडप घातलंय. हजेरी, ऑर्डर, हिशोब मी बघते. तूर निघाली की फेब्रुवारी-मार्चमध्ये काम अंगावर येतं. टेम्पोतून ५० किलोची पोती उतरायची, भिंतीशी थप्पी लावायची, मग लागेल तसं पोतं ओढत गिरणीपर्यंत न्यायचं. आमच्यातल्या एक काकू, वय पंचेचाळीसच्या आसपास, दुसऱ्या बाईबरोबर पोतं उचलत होत्या. समोरचीचा हात निसटला, सगळं वजन काकूंवर आलं, आणि नेमक्या त्याच वेळी त्या थप्पीकडं वळत होत्या. कमरेत चमक निघाली. तिथंच भिंतीला धरून खाली बसल्या. उसण भरली म्हणतो ना आपण, तसं.

घरी शेक दिला, तेल लावलं, गोळ्या घेतल्या. बाराव्या दिवशी मी फोन केला. "काकू, कशी आहे तब्येत?" त्या म्हणाल्या, "बरी आहे की." खरं सांगते, मला तेवढंच ऐकायचं होतं. २ क्विंटल डाळीची ऑर्डर होती आणि हात कमी होते. दुसऱ्या दिवशी त्या आल्या, मी हजेरीत नाव लिहिलं आणि "हलकंच काम देते" म्हणून डाळ निवडायला बसवलं. तीन दिवसांनी टेम्पो आला. चौघीच होत्या. काकू आपणहून उठल्या आणि मी त्यांना अडवलं नाही. या वेळी कळ कमरेतून निघून उजव्या पायाच्या पोटरीपर्यंत गेली. त्यानंतर ३ महिने त्या गिरणीवर आल्या नाहीत.

१२ दिवसांचं दुखणं ३ महिन्यांचं झालं. तेवढ्या काळात त्यांची मजुरी गेली, सून खुरपायला जायची ती घरी थांबली म्हणून तिचीही गेली, आणि तालुक्याला जायचं एसटीचं भाडं वेगळंच. गटाचा हप्ता थकला. बैठकीत नाव वाचताना मला मान वर करवेना.

तर अशा वेळी शरीरात काय चाललेलं असतं ते आधी समजून घेऊ. दुखणं कमी होणं ही एक गोष्ट आणि आतली जखम भरून ताकद येणं ही दुसरी. पहिली लवकर होते, दुसरीला वेळ लागतो. हाताला खोल कापलं तर आठ-दहा दिवसांत टाके काढतात, वरून कातडी मिळालेली दिसते. पण तीन आठवडे झाले तरी त्या जागेत पहिल्या ताकदीच्या पाचव्या हिश्श्याइतकीच ताकद आलेली असते. पुढं कित्येक आठवडे ती वाढत राहते. स्नायू आणि सांध्याभोवतीचे बंध यांचंही असंच, ते तर आत असतात, आपल्याला दिसतही नाहीत. घरात कोबा घातल्यावर दुसऱ्या दिवशी तो वरून कडक दिसतो. म्हणून काय आपण लगेच त्यावर धान्याची कोठी ठेवतो? पाणी मारतो, वाट बघतो, मग हळूहळू वापरायला लागतो.

आता याचा उलटा अर्थ काढू नका. अंथरुणाला खिळून राहिल्यानंही कंबर बरी होत नाही. पूर्वी डॉक्टरही महिनाभर फळीवर झोपायला सांगायचे. आता तसं सांगत नाहीत, कारण पडून राहिलं की स्नायू आणखी कमजोर होतात, अंग आखडतं. पहिले एक-दोन दिवस आराम ठीक. मग घरातल्या घरात, अंगणात चालायचं, सोसेल तेवढी हालचाल करायची. म्हणजे लवकर कामाला लागणं वाईट नाहीच. ज्या कामानं लागलं त्याच कामाला, तसंच्या तसं लागणं वाईट.

आणि हलकं काम म्हणजे काय, हे तर आम्हाला कुणालाच कळलं नव्हतं. बसून करायचं ते हलकं, असा आपला समज. मी काकूंना सुपात डाळ घेऊन जमिनीवर बसवलं, मांडी घालून, पुढं वाकून, सकाळी १० ते संध्याकाळी ५. दुखावलेल्या कमरेला ही शिक्षाच होती. वाकून बसलं की मणक्यांमधल्या चकत्यांवर दाब पडतो, आणि तासन्‌तास एकाच जागी बसलं की तो हलत नाही. काकू तिसऱ्या दिवशी उठताना गुडघ्यावर हात टेकून उठायच्या, ते मी बघितलं होतं. टेम्पो आला तेव्हा कंबर आधीच थकलेली होती. हे सगळं मला नंतर सुचलं.

हलकं काम ते, ज्यात वाकणं, वळणं आणि वजन तिन्ही कमी, आणि अर्ध्या-पाऊण तासानं जागा बदलता येते. आमच्याकडं तसं काम होतं. टेबलावर वजन करून पिशव्या भरणं, शिक्के मारणं, वहीत लिहिणं. पण ते "पोरींचं काम" म्हणून कॉलेजच्या दोघींना दिलेलं होतं, आणि त्या धडधाकट दोघींपैकी कुणी पोत्याला हात लावत नव्हतं!

वजनाचाही हिशोब करून बघा. कारखान्यांच्या नियमांत एका प्रौढ बाईनं एकटीनं उचलायच्या वजनाची मर्यादा साधारण ३० किलो धरलेली आहे. घरगुती गॅसची भरलेली टाकी जवळपास तेवढीच असते. हे झालं चांगल्या कमरेच्या बाईचं. दुखण्यातून उठलेल्या बाईला सुरुवातीला ५ किलोच्या वर देऊ नये, मग दर आठवड्याला बेतानं वाढवावं. आम्ही तसं ठरवलं. पण डॉक्टरांनी वेगळा आकडा सांगितला तर तोच खरा.

इथं एक गोष्ट राहूनच जाते. गिरणीवर ५ किलो आणि घरी काय? १५ लिटरचा हंडा भरला की नुसतं पाणीच १५ किलो, भांड्याचं वजन वेगळं. काकूंच्या घरी नळाला दिवसाआड पाणी येतं, तेही पहाटे, त्यामुळे एका दमात दहा-बारा खेपा होतात. त्यातून उठल्या उठल्या पहिला तासभर कंबर सगळ्यात नाजूक असते. रात्रभर आडवं राहिल्यानं मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, आणि अशा वेळी वाकून ओझं उचललं तर त्यांना जास्त ताण पडतो. म्हणजे बघा, आपल्या बायकांची सगळी जड कामं नेमकी याच तासात असतात. पाणी, शेण काढणं, धार काढायला उकिडवं बसणं, वाकून अंगण झाडणं.

पुरुष कारखान्यात जखमी झाला की घरी आल्यावर खाटेवर टेकतो. बाई कामावर हलकं काम करते आणि घरी येऊन जड. म्हणून बाईच्या परतीचा विचार गिरणीच्या दारात सुरू करून भागत नाही, तिच्या उंबऱ्यापासून करावा लागतो. दुसऱ्या वेळी आम्ही तिघी काकूंच्या घरी गेलो. त्यांचा मुलगा आणि सून दोघांना समोर बसवलं. मुलगा म्हणाला, "आई कुठं सांगते काय दुखतंय ते?" खरंच होतं, सांगत नव्हत्या. त्याला म्हटलं, पाणी तुझ्याकडं. त्यानं मोटारसायकलला दोन कॅन लावून पाणी आणायला सुरुवात केली. बाई डोक्यावर आणते ते पाणी पुरुष आणायला लागला की त्याला लगेच चाकं सापडतात, हे माझं जुनं निरीक्षण आहे. असो.

आता डॉक्टरांकडं काय विचारायचं ते सांगते. आपण विचारतो, "काम करू का?" डॉक्टर म्हणतात, "जपून करा." आणि आपण परत. जपून म्हणजे काय ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही, कारण आपण कसलं काम करतो हे आपण त्यांना सांगितलेलंच नसतं. म्हणून आधी सांगायचं, मी ५० किलोचं पोतं दोघींत उचलते, दिवसाकाठी वीस वेळा. किंवा मी सात तास उभी राहून मशीन चालवते. मग नेमकं विचारायचं. किती किलोपर्यंत उचलू? वाकू का? सलग किती वेळ बसू, किती वेळ उभी राहू? हे किती आठवडे पाळू? आणि हे कागदावर लिहून द्या म्हणायचं. मागायला संकोच करू नका. तो कागद घेऊन मुकादमापुढं, मालकापुढं, नाहीतर माझ्यासारख्या ताईपुढं उभं राहिलं की "मला जमणार नाही" असं म्हणावं लागत नाही, कागदच म्हणतो.

"एक इंजेक्शन द्या, उद्या कामावर जायचंय," असं म्हणणाऱ्या आपल्यात किती जणी आहेत ते मला माहीत आहे, मीही म्हटलेलं आहे. वेदना थांबवणारं औषध जखम भरत नाही, फक्त कळ झाकतं. कळ ही शरीराची हाक आहे. ती बंद करून पोतं उचललं तर कुठं थांबायचं ते कळणारच नाही. शिवाय अशा गोळ्या आपल्या मनानं रोज घेत राहिलं तर पोटात जखमा होतात, मूत्रपिंडाला त्रास होतो. कमरेच्या पट्ट्याचंही तसंच. डॉक्टरांनी सांगितला असेल तर थोडे दिवस जरूर वापरा, पण पट्टा बांधल्यानं जास्त वजन उचलायची ताकद येत नाही. आली असं वाटतं, तिथंच फसगत होते.

मग पुढं जायचं की मागं, हे रोज कसं ओळखायचं? शासकीय रुग्णालयातल्या व्यायामाच्या ताईंनी काकूंना सोपी खूण सांगितली होती. काम करताना थोडं दुखलं, पण रात्रीत निवळलं आणि सकाळी कालच्यासारखंच वाटलं, तर चाललंय ते ठीक. सकाळी कालच्यापेक्षा जास्त दुखलं, तर काल जास्त झालं, आज एक पायरी मागं यायचं. त्यांनी चार व्यायामही लिहून दिले होते, पण ते मी इथं रेडिओवर सांगत नाही. प्रत्येकीचं दुखणं वेगळं, व्यायाम तपासून घ्यावा लागतो. मात्र एक सांगून ठेवते. पायात ताकद जाणं, पाऊल फरफटणं, बसायच्या जागेला बधीरपणा येणं, लघवी-संडास कळेनासं होणं, यातलं काहीही दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात.

मशीनवर बोट कापणाऱ्या, भाजणाऱ्या बायकाही आपल्यात आहेत. शेवयाचं मशीन, कडबा कुट्टी, कांडपाचा पट्टा. त्यांचं परत येणं आणखी वेगळं. जखम भरली तरी बोटाच्या शेंड्याची जाण पुष्कळ दिवस कमी असते. तवा किती तापलाय, पातं किती जवळ आहे, बोट सांगत नाही. त्यामुळे जाण येईपर्यंत त्या हातानं मशीनमध्ये काही सारायचं नाही. जखमेवर धूळ नको म्हणून हातमोजा घालून फिरत्या मशीनजवळ जायचं तर मुळीच नाही. मोजा अडकला की हात ओढला जातो, पदराचं आणि मोकळ्या वेणीचं होतं तसंच. आणि ज्या मशीनचं झाकण नाही म्हणून बोट गेलं, ते झाकण बसल्याशिवाय तिला तिथं परत उभं करायचं नाही. तिलाच काय, कुणालाच नाही. मन घाबरलेलं असतं, हात थरथरतो, त्यात झाकण नाही, मग पुन्हा तेच होतं.

पैशाशिवाय यातलं काही होत नाही, हे मला कळतं. बाई लवकर परत येते ती हौसेनं नाही. ऊसतोडीच्या फडात खाडा पडला की पैसे कापतात, उचल फेडायची असते, म्हणून मुरगळलेल्या पायानं मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीवर चढतात. ज्या जणी एमआयडीसीत जातात त्यांनी आपल्या पगारातून ईएसआयचे पैसे कापतात का ते बघावं. १० किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यात, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना हा विमा असतो, कंत्राटदारामार्फत असलात तरी. बाईचा वाटा पगाराच्या पाऊण टक्का. कामावर अपघात झाला आणि डॉक्टरांनी विश्रांतीचा दाखला दिला, तर त्या दिवसांचे रोजच्या सरासरी मजुरीच्या ९० टक्के पैसे मिळतात. ज्या दिवशी कामावर जाऊन मजुरी घेतली त्या दिवसाचे मात्र मिळत नाहीत. म्हणून "बरी झाले, लिहून द्या" अशी घाई करू नका, आणि अपघाताची नोंद त्याच दिवशी करून घ्या. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यातही कामावर जखम झाली तर मोफत उपचार, आणि दवाखान्यात दाखल व्हावं लागलं तर किमान निम्मी मजुरी, असं लिहिलेलं होतं. बँकेत वर्षाला २० रुपये कापून जाणारा सुरक्षा विमा मात्र मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहे. उसण भरली तर त्यातून काही मिळत नाही. आमच्या काकूंना वाटलं होतं मिळेल.

आणि आपल्या गटाच्या गिरणीला यातलं काहीच लागू नव्हतं. तिथं मालक आपणच, सावकारही आपणच. काकूंनी "बरी आहे की" का म्हटलं, ते आम्हाला बैठकीत कळलं. हप्ता ७ तारखेला होता. मग ठराव मांडला की काकूंकडून तीन महिने फक्त व्याज घ्यायचं. त्यावर वाद झाला. एक जण म्हणाली, "आम्ही बाळंतपणानंतर दीड महिन्यात खुरपायला लागलो, आम्हाला कुणी दिलं बसून?" तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तिलाही कुणीतरी द्यायला हवं होतं. दुसरी म्हणाली, काकूंना टेबलाचं काम आणि मजुरी तीच, मग पोती आम्हीच उचलायची का? हा प्रश्न मात्र कामाचा निघाला. कारण त्यावर बोलता बोलता असं निघालं की पोतं मुळात कुणीच उचलायची गरज नाही.

व्यापाऱ्याला सांगितलं, तूर २५ किलोच्या गोणीत भरून दे. सुरुवातीला कुरकुर केली, मग गोणीमागं थोडी जास्त भराई लावून तयार झाला. थप्पी जमिनीवरून न लावता कमरेच्या उंचीच्या ओट्यावर लावायला सुरुवात केली, टेम्पोची फळी थेट ओट्याला लागते. ओट्याला विटा आणि सिमेंट मिळून जेवढा खर्च आला, तो काकूंच्या ३ महिन्यांच्या बुडलेल्या मजुरीपेक्षा कमी होता. जुनी हातगाडी चाक बदलून घेतली. निवडायला उंच टेबल आणि दोन स्टुलं केली, कुणी बसून निवडतं, कुणी उभं राहून. आणि कामाची पाळी लावली, दर दोन तासांनी जागा बदलायची, कॉलेजच्या पोरींसकट. हे सगळं पहिल्या उसणीनंतरच्या १२ दिवसांत करता आलं असतं.

दुसऱ्या वेळी काकू आल्या त्या पहिला आठवडा रोज दोन तास, पुढचा आठवडा चार तास, मग अर्धा दिवस. पाचव्या आठवड्यात सकाळी दुखलं म्हणून परत चार तासांवर आल्या, तेव्हा कुणी काही बोललं नाही. हजेरीच्या वहीत मी आता एक जादा रकाना आखलाय. दुखण्यातून परत आलेल्या बाईच्या नावापुढं डॉक्टरांनी लिहिलेलं वजन आणि तास, आणि रोज सकाळी विचारलेलं, "कालच्यापेक्षा जास्त की कमी?" "बरी आहे की" हे उत्तर त्या रकान्यात लिहीत नाही.

परवा टेम्पोवाला नवा होता. त्यानं एकटीच दिसली म्हणून काकूंना हाक मारली, "ओ मावशी, जरा हात लावा." काकूंनी हातगाडी त्याच्याकडं ढकलली आणि म्हणाल्या, "हिला हात लाव. मी गोण्या मोजते."